उजवीकडची पूर्व

गेली पन्नासहून अधिक वर्षं मी माझ्या एका चुकीबद्दल लोकांकडून कौतुक करून घेत आलो आहे.

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. मुलं विचारायची तेव्हा मी पाणी प्यायला आत जायचो. नातवंडं विचारू लागली तेव्हा कानातलं यंत्र काढून ठेवायला लागलो. (यंत्राचा मला झालेला हा सर्वांत मोठा उपयोग.) पण आता ज्यांची माफी मागायची त्या वहिनीच राहिल्या नाहीत, आणि माझंही वय असं झालंय की लोक माझ्या चुकांना आठवणी म्हणतात. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

धुळ्याला देवपुरात आमचं घर. आबा, म्हणजे वडील, तलाठी म्हणून निवृत्त झालेले. मी मोजणी ऑफिसात नकाशे काढायला. त्यामुळे घरातल्या दोन पिढ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: कागदावर उत्तर वर आणि पूर्व उजवीकडे. बाकी जगात काहीही बदलो. मी जेवायला बसलो तरी ताटात भाजी पूर्वेला आणि चटणी पश्चिमेला आहे ना, हे माझ्या नकळत बघून घ्यायचो. एखाद्या गावच्या नकाशात दिशेचा बाण जरा कलला तर कुणाचा बांध कुणाच्या विहिरीत जाईल याचा नेम नाही, हे आबांनी मला लहानपणी गोष्टी सांगायच्या वयात सांगितलं होतं. इतर मुलांना राक्षसाची भीती असते, मला चुकलेल्या बाणाची होती.

अशा घरात वहिनी आल्या. माहेर चाळीसगावचं, शिक्षण बी.एस्सी., नोकरी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दादा, माझा थोरला भाऊ, एसटीच्या वर्कशॉपात होता. तो फार बोलत नसे, आणि लग्नानंतर त्याला तशी गरजही उरली नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे सगळं गाव धाब्यावर झोपायचं. धाबं म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छप्पर. जेवणं झाली की अंथरुणं वर जायची. पहिल्याच उन्हाळ्यात वहिनींनी आईला सप्तर्षी दाखवले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांच्या धाब्यावरून विचारलं, "बाई, तो लालसर कोणता हो?"

"मंगळ."

"म्हणजे आमच्या मंदीला आहे म्हणतात तो?"

"तो सगळ्यांनाच आहे काकू. बघा ना, मलाही दिसतोय."

काकू मान वर करून मंगळ बघत राहिल्या. पुढच्या लग्नसराईत त्यांनी मंदीचं लग्न पत्रिका न बघता ठरवलं आणि ते उत्तम झालं. तेव्हापासून आमच्या गल्लीत संध्याकाळी धाब्याधाब्यांवरून प्रश्न येत, आणि वहिनी पदर खोचून, मान वर करून, शांतपणे उत्तरं देत. शिकवण्याचा आव नसे. एखाद्या नव्या सुनेला घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तशी त्या चांदण्यांची ओळख करून देत. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. हुशारीचा समोरच्याला त्रास होऊ न देणारी त्या एकट्याच.

याच गप्पांमधून त्यांनी पुस्तक लिहिलं: ‘धाब्यावरून आकाश’. चंद्रावर माणसं उतरून गेली होती, त्यामुळे वर बघण्याला नुकतीच प्रतिष्ठा आली होती. जळगावला मिश्रीलालशेठ म्हणून एक व्यापारी होते. त्यांच्या आजोबांनी मारवाडातून येऊन टाकलेलं दुकान त्यांनी वह्या, पाट्या आणि गाइडं छापण्यापर्यंत वाढवलं होतं. त्यांनी हस्तलिखित हातात धरून तराजूसारखं जोखलं.

"चांगलं आहे बाई. छापू. पण कव्हर पाहिजे. गिऱ्हाईक कव्हर बघूनच हात लावतं. आर्टिस्ट आहे कुणी?"

"आमचे भाऊजी आहेत ना," वहिनी म्हणाल्या. "रेषा फार सुरेख आहे त्यांची."

माझी रेषा सुरेख होती हे खरं. पण ती तोवर फक्त शेतांच्या हद्दीवरून चालली होती.

आबांना सुनेच्या पुस्तकाचं कौतुक होतं, पण त्याहून जास्त धास्ती होती. "लिहायला माझी हरकत नाही," ते म्हणाले, "पण छापलेलं खोडता येत नाही, बाळू. एक चूक निघाली की लोक म्हणतील, बाईमाणसानं कशाला त्या भानगडीत पडावं. आणि पुन्हा तिचं दुसरं पुस्तक कुणी छापणार नाही." आबांचं हे म्हणणं वहिनींनीही ऐकलं होतं. त्यांनी पुस्तकातला प्रत्येक आकडा पुन्हा तपासायला घेतला. एक चूक नको, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. ती एक चूक कुठून यायची हे त्यांना तरी काय ठाऊक.

शेठना रॉकेट हवं होतं. पुस्तकात रॉकेट नव्हतं, पण शेठ म्हणाले, "आत नसलं तर काय झालं, बाहेर तरी असू द्या." मी रविवारभर बसून रॉकेट काढलं. जांभळा रंग माझ्याकडे भरपूर होता, तो दिला. वर टोकाला हिरवा पट्टा. आईनं चष्मा लावून बघितलं. आई घरात अहिराणीच बोलायची.

"हाई वांगं कसाले काढं रे?"

मी म्हटलं, आईला काय कळतंय. चित्र घेऊन जळगावला गेलो. शेठनी ते दुकानातल्या उजेडात धरलं. "वांगं झकास आहे," ते म्हणाले. "पण खालून धूर का येतोय? भरीत लावलंय का?"

दुसऱ्या खेपेला मी चंद्रकोर काढली. नाजूक, पिवळीधमक, काळ्या पार्श्वभूमीवर. शेठनी दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना बोलावून दाखवली. दोघंही रावेरकडचे शेतकरी. एकानं कौतुकानं विचारलं, "घड केवढा येतो या जातीला?"

जळगाव जिल्ह्यात पिवळं आणि वाकडं काहीही काढलं तरी ते केळंच असतं, हे मला आधी कळायला हवं होतं.

मग शेठनीच कल्पना काढली. "शंकर काढा. जटेत चंद्र. गिऱ्हाईक आधी पाया पडेल, मग विकत घेईल."

वहिनी त्या दिवशी माझ्याबरोबर होत्या. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "छान दिसेल शेठजी," त्या म्हणाल्या. "फक्त पहिल्याच प्रकरणात मी लिहिलंय की चंद्र म्हणजे दगडधोंडे आणि धूळ. गिऱ्हाईक पाया पडून घरी नेईल, वाचेल, आणि मग तुमच्याकडे परत येईल. तुम्ही दुकानात किती वाजेपर्यंत असता?"

शेठनी विचार केला. "राहू द्या शंकर," ते म्हणाले.

परतताना एसटीत वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एवढं कशाला शोधायचं? धाब्यावरून वर बघितलं की जे दिसतं तेच काढू या की. खरं आकाश. गोल, काळं, आणि त्यात चांदण्या जिथल्या तिथं."

आजही सांगतो, त्या पुस्तकाला याहून चांगलं मुखपृष्ठ सुचणं शक्य नव्हतं. वहिनींनी आठवडाभर रोज संध्याकाळी धाब्यावर बसून ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं आकाश उतरवलं. वर सप्तर्षी, पतंगासारखे, शेपूट बाजूला सोडलेले. मध्यावर सिंह, त्याची वाकडी आयाळ. एक चांदणी अर्ध्या दोऱ्यानं सरकली तरी खोडून पुन्हा काढायच्या. आई जवळ येऊन बघून गेली. "हाई आभाय शे का जवारी सांडेल शे?" असं म्हणाली, पण त्या ज्वारीवरून पाय न पडेल अशा बेतानं चालली.

"आता शाईनं तुम्ही करा," कागद माझ्या हातात देत वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासारखा हात माझा नाही. आणि छापायला जायच्या आधी मला एकदा दाखवा हं."

मी विचारलं, "प्रमाण काय लिहू? एक इंचाला किती मैल?"

"आकाशाला प्रमाण कुठलं देणार, भाऊजी?"

हे मला पटलं नाही. प्रमाण नसलेला नकाशा म्हणजे धोतर नसलेला तलाठी. पण मी कागद गुंडाळून घेतला. नंतर टेबलाशी बसून कागद नीट लावला, दिवा जवळ ओढला, आणि कडेची अक्षरं वाचली.

वहिनींनी पूर्व डावीकडे लिहिली होती!

मी डोळे चोळले. उत्तर वर, दक्षिण खाली, इथपर्यंत ठीक. पण पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे. अशी चूक आमच्या ऑफिसात नवा शिपाईसुद्धा करत नसे. मला वहिनींची दया आली. केवढी हुशार बाई, सगळं आकाश पाठ, आणि दिशांच्या बाबतीत असं व्हावं! आबांचे शब्द आठवले: एक चूक निघाली की संपलं. मी ठरवलं, ही चूक आपण निस्तरायची. गाजावाजा न करता. त्यांना ओशाळवाणं वाटू नये म्हणून त्यांना सांगायचंही नाही. माझ्या त्या वेळच्या मनाचा मोठेपणा आठवला की आजही अंगावर काटा येतो, वेगळ्या कारणानं.

नुसती अक्षरं बदलून चालणार नव्हतं, कारण मग चांदण्या चुकीच्या दिशेला गेल्या असत्या. तेवढं ज्ञान मला होतं. आमच्या धंद्यात याला सोपा उपाय असतो. ट्रेसिंग पेपर आरपार दिसतो. मी तो सरळ पालथा घातला. सप्तर्षी इकडचे तिकडे झाले, सिंहानं तोंड फिरवलं, आणि पूर्व आली आपल्या हक्काच्या जागी, उजवीकडे. त्यावरून मी शाई फिरवली. आयुष्यात मी इतकं देखणं काम पुन्हा केलं नाही. कोपऱ्यात उत्तरेचा बाणही काढला, शोभेला.

आता वहिनींना दाखवणं आलं. पण त्या पेपर तपासण्यात बुडालेल्या, आणि माझ्या मनात आलं, दाखवलं तर त्यांना आपली चूक कळेल, त्या खजील होतील.

"झालं का चित्र, भाऊजी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"झालं. आजच जळगावला धाडतो. माझ्यावर सोडा तुम्ही."

"सोडलं," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेपर घेतला.

एवढा विश्वास माझ्यावर ऑफिसातल्या साहेबानंही कधी टाकला नाही. साहेबाला माणसांची पारख होती असं आता म्हणावं लागतं.

शेठनी मुंबईहून ब्लॉक करून आणला, म्हणजे चित्राचा जस्ताचा ठसा. छपाई झाली. प्रकाशन जळगावला एका शाळेच्या सभागृहात ठेवलं. प्रमुख पाहुणे म्हणून शेठनी एका निवृत्त हेडमास्तरांना बोलावलं. जन्मभर भूगोल शिकवलेले, आणि आता शाळांच्या वाचनालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीवर. त्यांनी मान डोलावली की पुस्तक जिल्हाभर जाणार. नाही डोलावली की शेठ त्याची रद्दी करणार, आणि वहिनींचं पुढचं पुस्तक ट्रंकेत राहणार. हेडमास्तरांची ख्याती अशी होती की ते लग्नपत्रिकासुद्धा लाल पेन्सिल हातात घेऊन वाचत.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. पुढच्या बाकावर वहिनी आणि दादा, मागे मी आणि आबा. पारोळं गेल्यावर मला राहवेना. मी हळूच आबांना सांगितलं. "आबा, तुम्ही म्हणत होता ना, एक चूक? ती निघाली होती. वहिनींनी पूर्व डावीकडे घेतली होती. मी गुपचूप सुधारली."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. "आपल्या घरात नकाशा चुकत नाही," ते म्हणाले आणि पुढचा सगळा रस्ता माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसले.

सभागृह भरलेलं होतं. लाल कागदात बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा टेबलावर. हेडमास्तरांनी रेशमी दोरा ओढला, एक प्रत स्वतः घेतली, एक वहिनींच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. शेठचा माणूस प्रेक्षकांनाही प्रती वाटत फिरला. मी वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कौतुकाची पहिली लकेर चुकू नये म्हणून.

वहिनींनी मुखपृष्ठ बघितलं. मग वर छताकडे बघितलं, जणू तिथं काही लिहिलंय. मग पुन्हा मुखपृष्ठ. मग पुस्तक सावकाश मांडीवर उपडं ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

मला वाटलं, आनंद झालाय.

हेडमास्तर बोलायला उठले. खिशातून लाल पेन्सिल निघाली. "पुस्तक मी आधी वाचलंय," ते म्हणाले. "आत एकही चूक नाही. पण मुखपृष्ठ मी आत्ता पाहतोय, आणि मला जरा आश्चर्य वाटतंय. इथं पूर्व उजवीकडे दाखवली आहे."

आबांनी अभिमानानं माझ्याकडे बघितलं आणि ते उठून उभे राहिले. "होय साहेब! आमच्या धाकट्यानं—"

"बसा, बसा, सांगतो," हेडमास्तर म्हणाले. "जमिनीचा नकाशा आपण खाली बघून वाचतो. आकाशाचा नकाशा वर बघून. सगळ्यांनी आपापली प्रत डोक्यावर धरा पाहू, चित्र खाली करून. उत्तर उत्तरेकडे करा. खिडक्या आहेत ती बाजू उत्तर. आता पूर्व कुठं आली?"

साऱ्या सभागृहानं पुस्तकं डोक्यावर धरली. मीही धरली. मान वर करून बघितलं. पुस्तकातली पूर्व बरोबर जळगाव स्टेशनच्या बाजूला आली होती, आणि जळगाव स्टेशन त्या सभागृहाच्या पश्चिमेला होतं.

"म्हणून आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे असते," हेडमास्तर म्हणाले. "या बाईंनीच तिसऱ्या प्रकरणात हे फार सुंदर समजावलंय."

तिसरं प्रकरण मी वाचलं नव्हतं. पहिलं आणि दुसरंही वाचलं नव्हतं. मुखपृष्ठ काढणाऱ्यानं पुस्तक वाचावं अशी अट कुणी घातली नव्हती, आणि मी ती आपणहून लावून घेतली नव्हती.

आबा अजून उभेच होते. मी त्यांचं धोतर धरून खाली ओढलं. "आबा, बसा."

"का बसू? तूच म्हणालास ना, तू सुधारलं?"

"हळू बोला. मी सुधारलं तेच चुकलंय."

"म्हणजे तिचं बरोबर व्हतं?" आबा फार हादरले की अहिराणीवर यायचे. त्यांनी खाली बसून पुस्तक पुन्हा डोक्यावर धरलं, उलट फिरवलं, सुलट फिरवलं, आणि मग माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन करायला मला तिसरं प्रकरण पुरणार नाही.

हेडमास्तरांची पेन्सिल पुस्तकावर टेकली होती. "तर अशी चूक मुखपृष्ठावरच असेल," ते म्हणाले, "तर मुलांच्या हातात हे पुस्तक द्यावं का, असा मला प्रश्न आहे."

शेठ कपाळ पुसत होते. मला एवढंच करायचं होतं: उभं राहून म्हणायचं, की साहेब, बाईंनी बरोबर काढलं होतं, मी फिरवलं. एक वाक्य. माझे पाय त्या वाक्यासाठी उभे राहिले नाहीत.

वहिनी उठल्या. हेडमास्तरांच्या खुर्चीला त्यांची जुनी काळी छत्री टेकवलेली होती. "सर, जरा घेऊ का?" म्हणून त्यांनी ती उघडली. छत्रीनं पुष्कळ उन्हाळे पाहिले होते. तिला जागोजाग बारीक भोकं होती, आणि खिडकीतला उजेड त्यांतून आला.

"सर, तुमच्याकडे नक्षत्रं तयारच आहेत," वहिनी म्हणाल्या.

सगळं सभागृह हसलं. आधी हेडमास्तर हसले म्हणून.

"आता माझ्याबरोबर छत्रीखाली या. हे मोठं भोक कुठल्या बाजूला दिसतं?"

"डावीकडे," छत्रीखालून हेडमास्तर म्हणाले.

"आता बाहेर या, आणि वरून बघा."

हेडमास्तर बाहेर आले, खुर्चीवर चढले (शेठनी खुर्ची धरली) आणि वरून बघू लागले. "उजवीकडे," ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा पुस्तकाकडे बघितलं, पुन्हा छत्रीकडे, आणि खुर्चीवरच थबकले.

"पुस्तकाच्या आतले नकाशे छत्रीखालून बघितलेले आहेत," वहिनी म्हणाल्या. "आपण धाब्यावरून बघतो तसे. मुखपृष्ठावरचं आकाश छत्रीच्या बाहेरून बघितलेलं आहे. आकाशाचा पृथ्वीगोलासारखा गोल करतात, त्यावर असंच असतं. तारे तेच, बघणारा दुसरीकडे उभा आहे. ज्याला या दोन्हींतला फरक सापडला त्याला आकाश कळलं. ज्याला नाही सापडला, त्यानं तिसरं प्रकरण वाचावं."

हे शेवटचं वाक्य त्या कुणाकडे बघून म्हणाल्या ते सांगायला नकोच.

मी तेव्हापासून कितीदा तरी विचार केला आहे. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मुखपृष्ठ मुद्दाम तसं केलं, असंही त्या म्हणाल्या नाहीत. भर सभेत, दिरानं केलेल्या गाढवपणावर नजर पडल्यापासून छत्री उघडेपर्यंत त्यांना वेळ तो किती मिळाला? तेवढ्या वेळात त्यांनी त्या गाढवपणातून खरं असलेलं तेवढं शोधून काढलं, आणि माझं नावसुद्धा घेतलं नाही. मला एवढ्या वेळात उभंही राहता आलं नव्हतं.

मुद्दाम केलं, हे म्हणाले ते शेठ. "मुद्दाम साहेब, मुद्दाम! आमच्या आर्टिस्टची कल्पना! उठा हो, उठा!" त्यांनी मला दंडाला धरून व्यासपीठावर नेलं. हेडमास्तरांनी पेन्सिल खिशात टाकली, वहिनींच्या गळ्यात घालायचा म्हणून आणलेला हार उचलला आणि कौतुकाच्या भरात माझ्या गळ्यात घातला.

"ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" त्यांनी विचारलं.

मी वहिनींकडे बघितलं. त्या छत्री मिटत होत्या.

"सुचली," मी म्हणालो.

परत जागेवर आल्यावर आबा माझ्या कानाशी म्हणाले, "सूनबाईनी वाचाडी लिधं तुले. आते तो हार काढ आनी तिले दे." मी हार काढला, पण तोवर सभा उठली होती, वहिनींभोवती मुली जमल्या होत्या, आणि हार हातात घेऊन त्या गर्दीत शिरायचं मला जमलं नाही.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या मागच्या बाकावर होतो. एरंडोल येईपर्यंत शब्द जुळवले. मग पुढे वाकून म्हणालो, "वहिनी, ते चित्र..."

"भाऊजी, काच लावून घ्या," त्या म्हणाल्या. "धूळ येतेय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बोललो असतो.

पुस्तक जिल्हाभर गेलं. गावोगावची मुलं धाब्यांवर चढून मुखपृष्ठ आकाशाशी ताडून बघू लागली, आणि ‘फरक सापडला’ म्हणून वहिनींना कार्डं येऊ लागली. आबा त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिसरं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवत. मला समोर बसवून. वहिनींची आणखी पुस्तकं निघाली, आणि ती सगळी मी वाचली, आधी वाचली, मग ब्रश हातात घेतला.

पण एक गोष्ट झाली, आणि हसण्यावारी न्यायची नाही ती हीच. लोक म्हणू लागले, पुस्तक चाललं ते दिराच्या डोक्यामुळे. वहिनींच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, "तुमचं नशीब, घरात असा कलावंत मिळाला." वहिनी म्हणायच्या, "हो ना." मला चित्रकला शिक्षकांच्या मेळाव्यात बोलावणं यायचं. पहिल्या भाषणात मी ‘कल्पना सहज सुचली’ म्हणालो. पुढे पुढे ती मला पहाटे सुचू लागली. एकदा अमळनेरला तर मी ती आमच्या धुळ्याच्या पांझरेच्या काठी फिरताना सुचल्याचं सांगितलं, आणि पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. सभेनंतर त्या एवढंच म्हणाल्या, "पांझरेचं छान होतं हं."

माफी मागायला मी अनेकदा गेलो. दर वेळी त्या चहा टाकायच्या, आणि चहा झाल्यावर माफी मागणं कृतघ्नपणाचं वाटायचं. चहाआधी मागावं तर त्या स्वयंपाकघरात असायच्या.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. त्यांच्या शाळेनं देवपुरात शोकसभा ठेवली. मी ठरवून गेलो होतो. आता माईकवरून, सगळ्यांसमोर, एकदाचं सांगून टाकायचं, की चूक माझी होती, अक्कल त्यांची होती, आणि हार त्यांचा होता. माझं नाव पुकारलं. मी काठी टेकत गेलो, वहिनींच्या फोटोला नमस्कार केला आणि म्हणालो, "त्या पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाबद्दल मला आज तुम्हाला एक सांगायचं आहे."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. त्या पुस्तकावर वाढलेल्या बायका होत्या त्या, आता स्वतः आज्या झालेल्या. उभ्या राहून वाजवत होत्या. मी हात वर करून थांबवायला गेलो, तर त्यांना वाटलं मी अभिवादन स्वीकारतोय. टाळ्या वाढल्या. अखेर त्या थांबल्या, सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. फोटोतून वहिनीही बघत होत्या.

मी म्हणालो, "धन्यवाद," आणि खाली बसलो.

वहिनींच्या शोकसभेत स्वतःला मिळालेल्या टाळ्यांचे आभार मानून घरी आलेला मी एकटाच.